मिरचीचा पावसाळा

शाळेच्या वार्षिक अंकातील लेख म्हटला की, त्यात एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, प्रवासवर्णन असावे, निदान सद्वर्तनाविषयी चार शब्द तरी असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो बाजूस ठेवून मी ह्या वर्षी मिरचीच्या झाडाविषयी लिहिणार आहे, ह्याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. काहींस हसूही येईल. परंतु जिच्यावाचून आपल्यापैकी कोणाच्याही घरचे पान एक दिवसही पुरे होत नाही, तिच्याविषयी आपणांस किती थोडे ठाऊक असते! मिरची तिखट असते, ती बाजारात मिळते, आणि तिचे झाड एका वर्षात मरते, एवढ्यावर बहुतेकांचे ज्ञान संपते. ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी खरी नाही. आणि ती खरी का नाही, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. मराठी व इतिहास शिकविणारा मी एक शिक्षक. वांद्र्यास एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि माझ्या गॅलरीत चार कुंड्या आहेत. त्या चार कुंड्यांनी मला जे शिकविले, ते तुम्हांपुढे ठेवितो.

शास्त्रीय ग्रंथांत मिरचीस ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ असे म्हणतात. हे नाव स्वीडनमधील विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस ह्याने १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दिले. ‘ॲन्युअम’ ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ वार्षिक, म्हणजे एकाच वर्षात उगवून, फळून, मरून जाणारे. वास्तविक मिरची ही मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाची रहिवासी. तेथे जी रानटी मिरची वाढते, ती बहुवर्षायू असते. तिचे खोड लाकडासारखे कठीण होते आणि ती वर्षानुवर्षे फळ देते. परंतु युरोपातील बागांत हिवाळा आला, दहिवर गोठू लागले की ती मरे. पुढल्या वसंतात माळ्यास पुन्हा बी पेरावे लागे. जेथे प्रत्येक वर्षी थंडीच तिचा शेवट करी, तेथे ती वार्षिक दिसावी ह्यात नवल ते काय? पुढे ती साऱ्या जगात पसरली, आणि तिच्याबरोबर तिचे हे नावही पसरले. एखाद्याच्या कपाळी जन्मभर चिकटलेले नाव कधी कधी त्याच्या स्वभावावरून नव्हे, तर ज्या परिस्थितीत लोकांनी त्यास प्रथम पाहिले त्या परिस्थितीवरून पडलेले असते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

युरोप-अमेरिकेतील हौशी बागवानांनी मात्र ह्या नावापुढे हार मानलेली नाही. थंडी पडण्यापूर्वी ते आपली आवडती मिरचीची झाडे जमिनीतून उकरून कुंडीत लावितात, त्यांची बरीचशी छाटणी करितात, आणि घरात खिडकीपाशी आणून ठेवितात. हिवाळाभर त्यांस अगदी बेताचे पाणी देतात. मे महिन्यात बाहेर उबारा आला की, तीच झाडे पुन्हा अंगणात जातात, आणि नव्या रोपांच्या कितीतरी आधी फळांवर येतात. आमच्या नात्यातील एक कुटुंब इंग्लंडात आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पौषात अशी दोन खुंटासारखी झाडे उभी असलेली मी छायाचित्रात पाहिली आहेत. पलीकडे बाहेर बर्फ, अलीकडे ती दोन खुंटे, आणि मध्ये एक काच.

हे वाचून कोणी म्हणेल, “गुरुजी, मुंबईस कोठला आला हिवाळा?” प्रश्न रास्त आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. एवढीही थंडी येथे विक्रम म्हणून गणली जाते. थंडीने मिरची मरावी असे वांद्र्यास घडत नाही. उलट नाताळच्या सुमारास आपल्याकडे ती ऐन भरात असते. तरीही आपल्याकडील मिरची एक वर्षाचीच ठरली आहे, आणि त्याचे कारण वेगळे आहे. मिरचीच्या दृष्टीने आपला आषाढ हाच आपला पौष. तिकडे जे काम बर्फ करितो, ते येथे पाऊस करितो.

ह्या पावसाचे मान मुंबईच्या मुलांस सांगावयास नको. तथापि आकडे पाहिले म्हणजे कल्पना स्पष्ट होते. जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत सांताक्रूझला सरासरीने दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ च्या त्या दारुण दिवशी तेथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माझे मूळ गाव नगर जिल्ह्यात आहे. त्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी आम्हां तिकडच्या लोकांच्या तोंडी अद्याप नगरच बसलेले आहे. तिकडे अख्ख्या वर्षात जेवढा पाऊस पडतो, तेवढा वांद्र्यास कधी कधी जुलैच्या एका आठवड्यात पडून जातो. तेव्हा आमच्या गावच्या परसातील मिरची तीन-तीन वर्षे टिकावी, आणि तीच येथे पहिल्या पावसाळ्यात जावी, ह्यात तिचा काय दोष?

पाऊस मिरचीस कसा मारितो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. मुळांस पाण्याइतकीच हवेचीही आवश्यकता असते. मातीच्या कणांमध्ये जी बारीक बारीक पोकळी असते, तीत हवा खेळते, आणि तिच्यावर मुळे जगतात. पाऊस एकसारखा पडू लागला की ती पोकळी पाण्याने भरते, आणि मुळे गुदमरतात. गुदमरलेले मूळ कुजू लागते. कुजक्या मुळावर बुरशी चढते. शेतकरी ज्यास ‘मर’ म्हणतात तो रोग लागतो. वरून पाने सतत ओली राहिल्याने डाग पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात, फळे झाडावरच कुजतात. परंतु ह्या सर्वांत एक गोष्ट अशी आहे की, ती कळल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. मुळे कुजली की ती पाणी वर ओढू शकत नाहीत. त्यामुळे भोवती पाणीच पाणी असतानाही झाडाची पाने माना टाकितात, आणि ती अगदी तहानेल्या झाडाच्या पानांसारखीच दिसतात! पाहणाऱ्यास वाटते, बिचारे सुकले; तो तांब्याभर पाणी आणून ओततो. बुडणाऱ्याच्या डोक्यावर घागर उपडी करावी तसा हा प्रकार. तहानेले झाड आणि बुडालेले झाड वरून सारखेच दिसते. भेद कळावयाचा तो मातीत बोट घालूनच कळतो.

वांद्र्याचा आणि मिरचीचा संबंध जुना आहे, तोही येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. कोलंबस आपल्या पहिल्या सफरीहून १४९३ साली परतला, तेव्हा त्याच्याबरोबर ही वनस्पती युरोपात आली. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी आपल्या पूर्वजांचे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि सुंठ. मिरीवरूनच नव्या पाहुणीस ‘मिरची’ हे नाव मिळाले. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाशी झालेल्या तहाने वसई व साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि वांद्रे त्या मुलुखाच्या दक्षिण टोकाशी होते. रानवर, चिंबई, पाली ह्या येथील जुन्या गावठाणांत ज्या ईस्ट इंडियन कुटुंबांची लाकडी जिन्यांची व कौलारू छपरांची घरे आजही कोठे कोठे उभी आहेत, त्यांच्या घरचा ‘बाटली मसाला’ सर्वांस ठाऊक आहे. वैशाखाच्या उन्हात चटयांवर लाल मिरची वाळत घालावयाची, इतर मसाल्याच्या जिनसांसह ती भाजावयाची, कुटावयाची, आणि काळसर काचेच्या बाटल्यांत दाबून भरावयाची, म्हणजे उजेड व दमट हवा ह्यांपासून ती वर्षभर सुरक्षित राहते. पूर्वी हे कुटण्याचे काम बायका उखळांभोवती उभ्या राहून लांब मुसळांनी करीत. आता बहुधा गिरणीत होते. मिरचीस पावसाळ्यातून पार नेण्याची वांद्र्याची ही जुनी रीत; मात्र तीत मिरची जाते ती वाळून, कुटून, बाटलीत बसून. तिला जिवंत पार नेण्याची दुसरी रीत मला शिकविली ती माझ्या आईने.

वडील वारल्यावर आई आमच्याकडे वांद्र्यास राहावयास आली, तेव्हा तिची सत्तरी उलटून गेली होती. महिना मार्चचा होता. एस.टी.च्या गाडीतून ती उतरली तेव्हा तिच्याबरोबर एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, आणि मांडीवर तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेले मिरचीचे झाड एवढेच सामान होते. झाड एक वर्षाचे, कमरेपर्यंत उंच, आणि लहान लहान तिखट मिरच्यांनी लगडलेले होते. “घर बंद केलं, पण हिला कोणाच्या भरवशावर टाकू?” एवढेच ती म्हणाली. झाड गॅलरीत ठेविले. एप्रिल-मे मजेत गेले. आमच्या घरी त्या दोन महिन्यांत मिरची विकत आणावी लागली नाही.

जून उजाडला, आणि शेजारच्या वृद्ध बाई, ज्यांस आमची सारी इमारत मावशी म्हणते, त्या झाड पाहून म्हणाल्या, “आता हे टाकून द्या. पाऊस लागला की काय राहत नाय. ऑक्टोबरात मी नवीन रोप देते.” मावशींचा जन्म वांद्र्याचा, त्यांच्या ऐंशी पावसाळ्यांचा अनुभव त्यांच्या मागे होता. आईने सर्व ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विळी मागितली. मिरच्या उतरवून तिने ते हिरवेगार झाड निम्म्यावर कापले. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. ती रडकुंडीस आली. मग आईने डबा गॅलरीच्या कठड्यावरून उचलून आत, खोलीच्या दाराशी, जेथे उजेड येतो परंतु पावसाची झड येत नाही, अशा ठिकाणी ठेविला. आठ दिवसांनी उरलेली पानेही पिवळी पडून गळू लागली. मुलगी धावत पेला भरून घेऊन आली. आई म्हणाली, “अगं, पाणी कशाला घालतीस? आधी माती चाचपून बघ. ती तहानलेली न्हाई, ती दमलीय.”

त्याच दिवसांत आईचीही प्रकृती उतरत चालली होती. आजार असा काही नव्हता; डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले होते. परंतु ती बोलेनाशी झाली, अन्नावरची वासना कमी झाली. जन्म कोरड्या हवेत, मोकळ्या अंगणात गेलेला. येथे चार महिने आभाळाचे झाकण, ओल धरलेल्या भिंती, आणि जिना उतरावयाचा तर गुडघे साथ देईनात. आम्ही सर्वांनी आपापल्या परीने तिच्यावर मायेचा वर्षाव आरंभिला. पत्नीने तिच्यासाठी निरनिराळे पदार्थ केले. नातेवाईक आळीपाळीने बोलावयास येऊ लागले. कोणी शक्तीची औषधे आणिली, कोणी तिचा जीव रमावा म्हणून दूरदर्शन संच तिच्या खाटेसमोर आणून ठेविला. जो येई तो तिला बोलते करू पाही. तिची मान मात्र अधिकच खाली जाऊ लागली. शेवटी एके सायंकाळी तिने मला जवळ बोलाविले आणि हळूच म्हणाली, “आरं, तुम्ही सगळी मला पाणी घालताय. मला तहान न्हाई लागली. मला जरा कोरडं बसू द्या.”

त्या शब्दांचा अर्थ उलगडावयास मला फार वेळ लागला नाही. आम्ही दूरदर्शन संच पुन्हा बाहेरच्या खोलीत नेला. पाहुण्यांस नम्रपणे थांबविले. गॅलरीच्या दाराशी, त्या डब्याशेजारी, तिच्यासाठी एक वेताची खुर्ची टाकिली. सकाळ-संध्याकाळ ती तेथे स्वस्थ बसे. कधी पावसाकडे पाही, कधी एखादे वाळके पान खुडून काढी. बहुधा काहीच करीत नसे. आम्ही तिला वेळेवर साधे जेवण देत असू आणि तिचे तिच्यावर सोपवीत असू. भाद्रपदात गणपती गेले, आभाळ फाटून मधून मधून ऊन पडू लागले, आणि एके दिवशी त्या उघड्या खुंटावरील पेरापेरांतून मोहरीएवढे हिरवे कोंब दिसू लागले. आईने ते मुलीस हाक मारून दाखविले. त्या सुमारास ती स्वतःही काठी घेऊन जिना उतरू लागली होती. दिवाळीस झाड फुलांनी भरले; नाताळच्या जेवणात आमच्या घरच्या मिरच्या होत्या, आणि एक वाटीभर आईने मावशींकडे पाठविल्या. मावशी स्वतः वर आल्या, झाडाभोवती फिरून पाहून गेल्या, आणि पुढल्या जूनमध्ये त्यांनी आपली कुंडी टाकून न देता वर आमच्याकडे आणिली. त्या दिवसापासून त्या दोघी वृद्धांचा स्नेह जुळला. एकीची भाषा नगरची, दुसरीची वांद्र्याची, पण मिरचीविषयी त्यांचे कधी अडले नाही.

ज्या विद्यार्थ्यांस हा प्रयोग करून पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी रीत सविस्तर देतो. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात कामास लागावे, कारण मुंबईस पाऊस सामान्यतः ११ जूनच्या सुमारास सुरू होतो. प्रथम झाडावरील सर्व मिरच्या, हिरव्या व पिकलेल्या, उतरवून घ्याव्यात. फळांस पोसण्याचे ओझे झाडावर राहू नये. नंतर स्वच्छ धुतलेल्या धारदार कात्रीने छाटणी करावी. मुख्य खोड आणि त्यावरून फुटलेल्या तीन-चार जाड फांद्या ठेवाव्यात, आणि निम्मा पसारा काढून टाकावा. काप पेराच्या किंचित वर घ्यावा, कारण नवा कोंब पेरातूनच येतो. राहिलेल्या पानांची खालची बाजू नीट तपासावी. मावा, फुलकिडे, पांढरी माशी आणि डोळ्यांस जेमतेम दिसणारे कोळी हे तेथेच दडून बसतात. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा निंबोळी तेल व साबणाचे दोन-चार थेंब मिसळून ते पाणी सायंकाळी पानांवर फवारावे. घरात आणण्यापूर्वी आठवड्याच्या अंतराने दोन वेळा केले तर उत्तम.

कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे की नाही, हे काडी घालून पाहावे. भोकावर खापरीचा तुकडा असावा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. कुंडीखाली ताटली ठेविली असेल, तर तीत पाणी साचू देऊ नये. जागा निवडताना वाऱ्याचा विचार करावा. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. चिंबई किंवा बँडस्टँडच्या बाजूस राहणाऱ्यांस त्याबरोबर खारा तुषारही सोसावा लागतो. म्हणून पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील खिडकी अधिक बरी. उजेड भरपूर हवा, हवा खेळती हवी, झड नको. झाडे एकमेकांस खेटून ठेवू नयेत, कारण दमट हवेत रोग एकाचा दुसऱ्यास चटकन लागतो.

पाण्याचा नियम एकच. बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावे. बोटास ओल लागली तर पाणी देऊ नये; माती कोरडी लागली तर अर्धा पेला द्यावे. दमट दिवसांत कधी कधी आठवडा-दहा दिवस पाण्याची गरज पडत नाही. खत अजिबात देऊ नये. विसावलेल्या झाडास खताचा उपयोग होत नाही, आणि त्याने जे लुसलुशीत कोंब अवेळी फुटतात, त्यांवर कीड प्रथम बसते. मध्येच एखादे फूल आलेच, तर ते खुडून टाकावे. पाने गळाली म्हणून घाबरू नये. झाड जिवंत आहे की मेले, अशी शंका आली तर खोडावर नखाने अगदी हलकी रेघ ओढावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, आणि आपण थांबावे.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरला की, झाड एकदम उन्हात ठेवू नये. पहिले चार-पाच दिवस सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास, असे करीत दोन आठवड्यांत त्यास ऑक्टोबरच्या उन्हाची सवय करावी. वरची दोन बोटे माती काढून तिच्या जागी चांगले कुजलेले शेणखत व नवी माती घालावी, आणि आता मात्र पाणी हात सैल सोडून द्यावे. बी पेरून रोप करणाऱ्यास पहिली मिरची मिळावयास तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो. जुन्या झाडाची मुळे आधीच तयार असल्यामुळे ते ह्या शर्यतीत कितीतरी पुढे असते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक झाड वाचत नाही, आणि प्रत्येक झाड वाचविण्याचा हट्टही धरू नये. ज्याची पाने लहान होऊन वर वळली आहेत, आकसली आहेत, आणि धुऊन-फवारूनही जे सरळ होत नाही, त्यास बहुधा शेतकऱ्यांचा ‘चुरडा-मुरडा’ झालेला असतो. त्याचे विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि ते झाडात एकदा शिरले की त्यावर औषध नाही. असे झाड उपटून दूर करावे, म्हणजे इतर वाचतील. माझ्या चार कुंड्यांपैकी एक मी अशी दूर केली आहे. टाकावयाचे झाड आणि थांबावयाचे झाड ह्यांतील भेद ओळखणे, हा ह्या विद्येतील सर्वांत कठीण भाग आहे.

आता पालकांशी दोन शब्द बोलतो. गेली वीस वर्षे मी नववी-दहावीचे वर्ग शिकवीत आलो आहे. सहामाही परीक्षेचा निकाल लागला की काही पालक मला भेटावयास येतात. मुलाचे गुण उतरलेले असतात, चेहरा सुकलेला असतो, आणि पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आणखी एक शिकवणी लावू का?” काही मुलांस खरोखरच तहान लागलेली असते. त्यांस कोणी जवळ बसवून शिकविलेले नसते. त्यांस शिकवणी अवश्य लावावी, आणि पैशांची अडचण असेल तर आम्हां शिक्षकांकडे निःसंकोच पाठवावे. परंतु काही मुले तशीच दिसत असूनही तहानेली नसतात. एका विद्यार्थ्याची दिनचर्या मी त्याच्या वडिलांसमोर कागदावर लिहून काढिली: पहाटे पाचला उठणे, एक शिकवणी, शाळा, दुसरी शिकवणी, गृहपाठ, आणि रात्री अकरानंतर झोप. त्या कागदावर मोकळी जागा कोठेच नव्हती. वडील समंजस गृहस्थ. कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि एक शिकवणी सहा महिने बंद करावयास कबूल झाले. पुढे काही चमत्कार झाला नाही. तो मुलगा पहिला आला नाही. परंतु तो पुन्हा मैदानावर दिसू लागला, वर्गात प्रश्न विचारू लागला, आणि वार्षिक परीक्षेत सर्व विषयांत नीट उत्तीर्ण झाला. तेव्हा माझी एवढीच विनंती आहे की, पाण्याचा तांब्या उचलण्यापूर्वी माती चाचपून पाहावी. मूल का सुकले, हे त्याच्या गुणपत्रिकेवरून कळत नाही. त्याच्याजवळ जरा वेळ बसल्याने कळते.

आईने आमच्याबरोबर वांद्र्याचे तीन पावसाळे काढिले. चौथा पावसाळा येण्यापूर्वी, गेल्या मे महिन्यात, फार न खितपता ती गेली. त्या दिवसांत घरात पुष्कळ माणसे होती, आणि मिरचीची आठवण कोणासच नव्हती. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मला कात्रीचा आवाज ऐकू आला. पाहतो तो मुलगी, जी आता दहावीस बसली आहे, झाडासमोर बसून एकेक फांदी पेराच्या वर कापीत होती. खोड आता अंगठ्याएवढे जाड व तपकिरी झाले आहे. मिरच्या पूर्वीपेक्षा थोड्या व लहान लागतात. तिने मिरच्या उतरविल्या, पाने पुसली, कुंडी दाराशी आणून ठेविली, आणि मातीत बोट घालून पाहिले. पाणी घातले नाही. ह्या नाताळात झाडावरील पहिल्या पिकलेल्या मिरच्यांचे बी तिने कागदात बांधून पेटीत ठेविले आहे, आणि त्यातील काही मावशींस दिले आहे.

विद्यार्थीमित्रहो, येत्या मे महिन्यात तुमच्या घरची, शेजारची, किंवा इमारतीच्या मागे टाकून दिलेली मिरचीची एखादी कुंडी उचलून घरात आणा. आईवडिलांची परवानगी घ्या, कात्री जपून वापरा, आणि वर सांगितल्याप्रमाणे करून पाहा. चार महिने ती तुम्हांस काहीच देणार नाही, आणि पाहणारे हसतील, हे आधीच सांगून ठेवितो. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरले म्हणजे झाडाचे काय झाले ते मला येऊन सांगा. जगले तरी सांगा, आणि गेले तरी सांगा. ज्यांस बी हवे असेल, त्यांनी शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडे मागावे. थोडेच आहे, परंतु प्रत्येकास चार-चार दाणे देता येतील.